घरची बोली

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब रेवदंड्यास गेलो होतो. मुलांना समुद्र हवा होता आणि मला पोर्तुगिजांचे पडके चौल पाहायचे होते. 1521 साली त्यांनी येथे किल्ला बांधायला घेतला आणि 1740 साली तहाने तो मराठ्यांकडे आला. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. फिरंगी गेले, मागे दगड तेवढे उरले, अशी माझी समजूत!

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून कुंडलिकेपलीकडच्या कोर्लईस गेलो. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत एका दारी पाणी मागितले. घरातल्या मावशी नातवाला काहीतरी म्हणाल्या आणि मी कान टवकारले. मराठी नव्हे, कोंकणीही नव्हे!

"आमची बोली, दादा. नॉ लिंग."

नॉ लिंग म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मात्र मराठीसारखे वाक्याच्या शेवटी! फिरंगी गेल्यावर इथे राहिलेल्या गोरगरीब ख्रिस्ती कुटुंबांनी ती आजवर चालवली. बोलणारे सारे मिळून हजाराच्या आतबाहेर. शाळेत ती कुणी शिकवीत नाही. घरात बोलली तर राहील, एवढेच.

"नातू बोलतो का?" मी विचारले.

"समजते सगळे. उत्तर मराठीतून देतो. शाळा मराठी ना!"

मला एकदम आजी आठवली. आमची आजी चित्पावनी बोलत असे. पुण्यास आल्यावर आम्ही भावंडे तिची नक्कल करून पोट धरून हसायचो. हळूहळू ती आमच्याशी 'शुद्ध' बोलू लागली. आम्हांला वाटले, आजी सुधारली! आज तिच्या बोलीतले एक वाक्य मला धड येत नाही. शाळेने नव्हे, सरकारने नव्हे, आमच्या हसण्याने ती घरातून गेली.

मुक्कामी परतल्यावर गुहागरच्या आत्याला फोन केला. म्हटले, "आत्ये, आजी बोलायची तशी जरा बोल ना."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "हसणार नाहीस ना रे?"

"नाही," मी म्हणालो आणि मुलांना फोनजवळ बोलावले.