बावन तलावांच्या गावी एक दिवस

परदेशी जाऊन आलेले आप्तेष्ट तेथील एखादे मोठे शहर आपण दिवसभर पायी कसे पाहिले, याचे वर्णन मोठ्या हौसेने करतात. तसा एक दिवस आपल्याच देशात, आपल्या ओळखीच्या एका शहरात घालवावा, असे आज सुचवावयाचे आहे. काशी-प्रयागला जाताना आपण जबलपूरच्या फलाटावर चहा घेतला असेल. मुंबई-कलकत्ता लोहमार्गाचे दोन तुकडे १८७० साली येथे जोडले गेले, आणि तेव्हापासून बहुतेक मराठी प्रवाशांनी हे शहर गाडीच्या खिडकीतूनच पाहिले आहे. वास्तविक १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर व जबलपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. म्हणूनच आमच्यासारखी पुष्कळ मराठी घरे येथे रुजली. आमच्या मराठीला हिंदीचा वास येतो, अशी पुण्याची भाचरे चेष्टा करतात, ती आम्ही निमूटपणे सोसतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हीच भाचरे त्यांच्या आईसह आमच्या विजयनगरच्या घरी आली होती. सूर्योदयाला निघावयाचे, पायी चालता येईल तेथे चालावयाचे, आणि भेडाघाट शेवटी पाहावयाचा, असे ठरले. भेडाघाट प्रथम पाहिला की मग दुसऱ्या कशाकडे डोळा वळत नाही, हा आमचा अनुभव.

घरापासून निघालो आणि वाटेत राणीताल लागला. "मामा, ताल म्हणजे तलाव ना? मग पाणी कुठे आहे?" धाकट्याने विचारले. या प्रश्नाला मी तयार नव्हतो. जबलपूर हे बावन तलावांचे शहर म्हणून ओळखले जाई. राणीताल गोंडवनाच्या राणी दुर्गावतीने बांधविला, त्याजवळचा चेरीताल तिच्या दासीने, आणि अधारताल तिचा मंत्री अधारसिंह याने, असे सांगतात. राणी १५६४ साली मोगलांशी लढताना पडली. तिचे नाव राहिले, पण राणीतालचा मोठा भाग बुजून तेथे आता क्रीडासंकुल उभे आहे. चेरीताल ही तर केवळ एक वस्ती झाली आहे. इतकी वर्षे मी हे शब्द रोज उच्चारीत आलो, परंतु त्यांतील पाणी कोठे गेले, हे स्वतःला कधी विचारले नव्हते.

मुलाला उत्तर देता आले ते मदनमहालच्या टेकडीवर गेल्यावर. हा छोटासा गोंडकालीन किल्ला एका प्रचंड शिळेच्या माथ्यावर बसविलेला आहे. वाटेतच तो प्रसिद्ध 'बॅलन्सिंग रॉक' दिसतो. एक अवजड शिळा दुसरीवर इतक्या थोड्या जागेत टेकली आहे की, मुले तिच्या सावलीत जावयास कचरली. २२ मे १९९७ च्या पहाटे येथे मोठा भूकंप झाला. शहरातील कितीतरी घरे पडली, पण ही शिळा जागची हलली नाही. ती तेथे कोणी ठेवलेली नाही. ग्रॅनाइटच्या खडकात उभ्याआडव्या भेगा असतात. त्यांत पाणी मुरून कडा झिजतात, मऊ झालेला भाग पावसाने वाहून जातो आणि आतला टणक गोळा उरतो. त्याचा भार नेमका टेकलेल्या जागेवर येतो, म्हणून तो ढळत नाही.

या खडकात पाणी फारसे मुरत नाही, ते उतारावरून खाली धावते. जुन्या राज्यकर्त्यांनी पायथ्याच्या खोलगट जागी बांध घालून तेच अडविले. टेकडीवरून खाली बोट दाखवून मी हे सांगितले, तेव्हा ताईने विचारले, "मग आता ते पाणी जातं कुठे?" पावसाळ्यात सखल वस्त्यांतील लोकांना ते ठाऊक असते. टेकडीच्या दुसऱ्या अंगाचा संग्रामसागर मात्र अजून पाण्याने भरलेला आहे. त्याच्या काठी आम्ही डबे उघडले, आणि बगळे पाहण्यात एक तास कसा गेला ते कळले नाही.

भेडाघाटच्या वाटेवर तेवर हे गाव लागते. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी ती हीच. १९३९ चे काँग्रेस अधिवेशन याच नावाने ओळखले जाते. पुढे शंभराहून अधिक पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर पाहिले. मुलांनी कोनाडे मोजले, ते एक्याऐंशी भरले! बहुतेक मूर्ती भग्न आहेत, तरी पीठावर कोरलेली योगिनींची नावे वाचता येतात.

धुवाँधार धबधब्याचे तुषार अंगावर घेऊन आम्ही नावेत बसलो. दोन्ही बाजूंना संगमरवराचे उंच कडे, कोठे पांढरे, कोठे पिवळसर, कोठे निळसर. पात्र अरुंद होते तेथे पूर्वी वानरे या काठावरून त्या काठावर उडी मारीत, म्हणून त्या जागेला 'बंदरकूदनी' म्हणतात. नावाडी सर्व माहिती यमके जुळवून सांगतो. आमच्या ताईला ती इतकी आवडली की, काठाला लागल्यावर तिने त्याला पुन्हा म्हणावयास लावले. आपण जाणार असाल तर पावसाळ्यानंतर जावे, कारण पुराच्या दिवसांत नावा बंद असतात. पायांत घट्ट बसणारी पादत्राणे असावीत, ओल्या दगडावरून पाय सहज घसरतो.

परतताना अंधार पडला होता. मुले झोपली असतील असे मला वाटले, पण धाकटा वहीत काही लिहीत होता. त्याने दिवसभरात ऐकलेली आणि पाट्यांवर वाचलेली 'ताल' असलेली नावे उतरवून घेतली होती, आणि पाणी दिसले त्यापुढे बरोबरची खूण केली होती. खूण एकच होती, संग्रामसागरापुढे. आणि त्याच्या नावात 'ताल' नाही म्हणून ती धरावी की नाही, यावर बहीणभावांचे घर येईपर्यंत भांडण चालू होते. अधारताल आणि हनुमानताल पाहावयाचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्याने मला उठविले.