न दिसणारे चंद्रग्रहण

2023 सालच्या 5 मे रोजी वैशाखी पौर्णिमा होती. त्या रात्री 8 वाजून 44 मिनिटांनी चंद्रग्रहण लागले आणि मध्यरात्रीनंतर 1 वाजून 1 मिनिटाने सुटले. सव्वाचार तास ग्रहण चालू होते आणि तेवढा वेळ भारतभर चंद्र क्षितिजाच्या वर होता. झाशीहून पूर्वेस सुमारे पाऊणशे किलोमीटरांवर असलेल्या गरौठा या तहसिलीच्या गावी तर तो ग्रहणमध्याच्या सुमारास दक्षिणेकडे आकाशात चांगला वर आलेला होता. असे असूनही अंगणात येऊन वर पाहणाऱ्या बहुतेकांस नेहमीचाच पूर्णचंद्र दिसला असेल. त्यांच्या दृष्टीत काही दोष नव्हता. ग्रहणच त्या जातीचे होते.

आपल्या पंचांगांतून अशा ग्रहणास 'छायाकल्प' म्हणतात. पृथ्वीची सावली दुपदरी असते. मधल्या गडद भागातून पाहिले तर सूर्य पृथ्वीआड संपूर्ण लपतो. भोवतालच्या विरळ भागातून त्याचा काही अंश झाकलेला आणि काही उघडा दिसतो. चंद्राच्या अंतरावर गडद सावलीची रुंदी सुमारे 9,000 किलोमीटर असते आणि तिच्या भोवतीच्या उपच्छायेचा पट्टा साधारण चंद्राच्या व्यासाएवढा, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरांच्या आसपास असतो. चंद्र गडद सावलीस न शिवता केवळ या पट्ट्यातून निघून गेला, की छायाकल्प ग्रहण झाले.

आता ते दिसत का नाही, हे पाहू. उपच्छायेस काठ असा नसतो. तिच्या बाहेरच्या कडेवर सूर्याची नुसती कोर झाकलेली असते, त्यामुळे प्रकाश कमी होतो तो नाममात्र. आत जावे तसतसा तो हळूहळू घटत जातो, पण कोठेही रेघ उमटत नाही. आपला डोळा तर काठ ओळखण्यात तरबेज आणि संथ बदल जाणण्यात आळशी. दिवेलागणीच्या वेळी वाचीत बसलेल्या मुलास उजेड गेल्याचे आईने ओरडून सांगावे लागते, त्यातलाच हा प्रकार. त्यात पूर्णचंद्र इतका झगझगीत, की थोडी घट त्याच्या तेजातच बुडून जाते. निरीक्षकांचा ठोकळ अदमास असा आहे की, चंद्राच्या व्यासाचा दोन-तृतीयांश भाग उपच्छायेत शिरेपर्यंत नुसत्या डोळ्यास काहीच कळत नाही. 2020 सालच्या 5 जूनच्या ग्रहणात हे प्रमाण 57 टक्क्यांच्या आतबाहेर होते. ते फक्त गणितातच राहिले. 5 मे 2023 रोजी मात्र ते 96 टक्क्यांवर पोहोचले होते. 10 वाजून 52 मिनिटांच्या सुमारास ज्याने नेमके चंद्राच्या वरच्या कडेकडे लक्ष दिले, त्यास तेथे धुरकट झाक आढळली असेल. ठाऊक नसता पाहणाऱ्यास तीही नाही.

दिसणारे ग्रहण आणि गणिताने निघणारे ग्रहण यांतला हा भेद आपल्या ज्योतिर्विदांस नवा नव्हता. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त त्याचा विचार केला आहे. चंद्राचा सोळावा हिस्सा ग्रासला तरी तेजामुळे तो लक्षात येत नाही. म्हणून त्याहून कमी ग्रासाचे ग्रहण शहाण्याने लोकांस सांगूच नये, असा त्यांचा अभिप्राय आहे. हे त्यांनी गडद सावलीपुरते म्हटले आहे, हे ध्यानात घ्यावे; उपच्छाया त्यांच्या गणितात नाही. मला या वचनातले शास्त्राहूनही सौजन्य अधिक मोलाचे वाटते. ज्याला गणित येते, त्याने काय सांगू नये हेही त्याला कळले पाहिजे.

आज ते सांगणारे पुष्कळ झाले आहेत. दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर 'आज चंद्रग्रहण' एवढीच वार्ता येते. कोणते, ते सांगायचे राहून जाते. वार्ता ऐकून घरातली वडीलधारी माणसे तीन प्रहर आधीपासून वेध मोजू लागतात, आणि त्याचा भार पडतो तो बहुधा घरातल्या गर्भवती सुनेवर. बुंदेलखंडातला मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांस त्या उन्हाळ्यात पाण्यावाचून नऊ तास म्हणजे काय, हे सांगावयास नको. कोणत्याही ग्रहणाने गर्भास अपाय होत नाही. तहानेने आणि उपासाने मात्र होऊ शकतो. हे ज्या घरी अजून पटत नसेल, तेथे निदान पंचांग तरी उघडून पाहावे. छायाकल्प ग्रहणाचे वेधादि नियम पाळू नयेत, असे मराठी पंचांगकार स्वतःच लिहितात. सासूबाईंसमोर हा पुरावा माझ्या लेखाहून अधिक चालेल.

या प्रांती जुनी मराठी घरे आहेत; 1857 साली गरौठ्याजवळच्या गुरसरायचे अधिपती केशवराव दिनकर हे मराठीच होते. अशा घरांपुढे 5 जून 2020 रोजी एक निराळाच पेच होता. उत्तरेकडील स्त्रिया वटसावित्रीचे व्रत अमावास्येस करतात, आपल्याकडे ते पौर्णिमेस असते. तेव्हा शेजारणींची पूजा पंधरा दिवस आधीच उरकलेली, आणि ग्रहणाची शंका फक्त मराठी सुवासिनींस! ग्रहण लागले ते रात्री सव्वाअकरानंतर, आणि तेही न दिसणारे. याउलट 2023 सालच्या कोजागरीस, 28 ऑक्टोबरच्या उत्तररात्री, गडद सावलीने चंद्राचा जेमतेम आठवा हिस्सा झाकला, तरी त्याची खाच कोणासही बोटाने दाखविता आली.

ज्यांस छायाकल्प ग्रहण पाहण्याचा हव्यास आहे, त्यांच्यासाठी 21 फेब्रुवारी 2027 ची पहाट योग्य आहे. ग्रहण 2 वाजून 42 मिनिटांनी लागते आणि 4 वाजून 43 मिनिटांच्या सुमारास मध्य होतो. तेव्हा चंद्राच्या व्यासाचा 92 टक्क्यांहून अधिक भाग उपच्छायेत असतो. गरौठ्याहून चंद्र पश्चिमेस, क्षितिज आणि माथा यांमधल्या एक-तृतीयांश उंचीच्या थोडा खाली दिसेल. त्याची उजवीकडची कडा डावीशी ताडून पाहावी. उन्हाचा काळा चष्मा लावल्यास चंद्राचा झगझगाट कमी होऊन झाक अधिक स्पष्ट होते. चंद्राकडे पाहण्यात धोका मुळीच नाही. भ्रमणध्वनीने छायाचित्र घ्यावयाचे तर प्रकाशाचे माप आपल्या हाताने एकदा ठरवावे आणि अडीच वाजता व पावणेपाच वाजता तेच ठेवावे. यंत्राच्या मर्जीवर सोडल्यास ते दोन्ही चंद्र सारखेच उजळ करून देईल.