मुक्या माराचा दीडशे वर्षांचा विसर

नाशिकलगतच्या देवळालीत ब्रिटिशांनी 1861 मध्ये छावणी वसवली. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. जहाजे नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत, म्हणून अवेळी मुदत भरलेल्यांचे महिनोन्महिने कामाविना जात. मोहिमा निभावलेली ही माणसे त्या रिकामपणात अशी खचत, की वेडसरपणाला इंग्रजीत देवळालीचेच नाव चिकटले. त्यांच्या डोक्याला मार नव्हता. पण निरुद्योगी, अनिश्चित प्रतीक्षा मनाचे काय करते याची नोंद आपल्या उंबरठ्यावरच झाली होती.

त्याच सुमारास इंग्लंडात रेल्वे अपघातांतून वरकरणी धडधाकट निघालेले प्रवासी पुढे अंथरूण धरत. 1866 मध्ये एरिकसन या शल्यविशारदाने त्याचे कारण मज्जारज्जूच्या धक्क्यात शोधले. 1883 मध्ये रेल्वे कंपनीचेच डॉक्टर हर्बर्ट पेज यांनी ते भीतीत शोधले. पहिल्या महायुद्धात खचलेल्या सैनिकांबाबतही शरीर की मन हाच वाद नव्याने पेटला, आणि आघाडीजवळच, विनाविलंब व बरे होण्याचा भरवसा देऊन केलेले उपचार अधिक गुणकारी ठरतात, असे लष्करी डॉक्टरांनी नोंदवले. युद्ध संपले आणि शहाणपण दप्तरात गेले. 1961 मध्ये मज्जाविकारतज्ज्ञ हेन्री मिलर यांनी अपघाताची भरपाई मिळताच दुखणे पळते असे मांडले. पुढच्या पाहण्यांनी ते खोडून काढले, तरी रुग्णांवरचा संशय मात्र उरलाच.

आज मुंबई-आग्रा महामार्गावर दुचाकीवरून पडलेल्या तरुणाचे सिटी स्कॅन नॉर्मल येते, पण डोके ठणकते, उजेड सोसवत नाही, गल्ल्याचा हिशेब करताना आकडे निसटतात. घरचे आधी ‘डोक्याला मार आहे, हलू नकोस’ म्हणत त्याला अंधाऱ्या खोलीत निजवतात, आणि महिन्याभराने तेच विचारतात, ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग तुला होतंय तरी काय?’ दोन्ही वाक्ये त्याला आजारीच ठेवतात. मेंदूच्या कामातला तात्पुरता बिघाड स्कॅनमध्ये दिसत नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात, आणि ज्यांना आधीपासून चिंता वा नैराश्य असते किंवा मेंदू कायमचा बिघडल्याची धास्ती बसते, त्यांचे दुखणे अनेकदा लांबते. मानसशास्त्रज्ञ मिटेनबर्ग यांच्या 1992 च्या अभ्यासात डोक्याला कधीच मार न लागलेल्यांनी केवळ कल्पनेने जवळजवळ तीच लक्षणे सांगितली, तर मार लागलेले आपली पूर्वीची डोकेदुखी नि विसराळूपणा कमी लेखत होते. मेलबर्नमधील 2002 च्या अभ्यासात पहिल्याच आठवड्यात नीट समजावून पुस्तिका दिलेल्या अशा रुग्णांच्या तक्रारी तीन महिन्यांनी इतरांपेक्षा कमी आढळल्या.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर मराठीत दोन्ही गोष्टी हव्यात: वारंवार उलटी, वाढती गुंगी वा झटका आल्यास तत्काळ परत या; आणि डोकेदुखी, विसर अपेक्षित आहेत, ते ओसरतात, एक-दोन दिवस बेताची विश्रांती घेऊन चालायला लागा, सोसेल तसे कामावर जा. हे कार्ड घरच्यांनाही वाचून दाखवावे.