एकट्याचा पाठीराखा

‘सगळेच करतात, मग तूच काय मोठा संत लागून गेलास?’ हा प्रश्न ज्याला कधी ऐकावा लागला नाही असा ख्रिस्ती तरुण विरळाच. कॉलेजात, कचेरीत, मित्रांच्या बैठकीत तो थट्टेने विचारला जातो. आणि धमकीला जो भीक घालणार नाही, तोच तरुण हशाच्या भयाने मान तुकवितो. म्हणून वाईट संगत टाळा, असे आम्ही मुलांना वारंवार बजावतो. परंतु दडपण नेहमी वाईट माणसांकडूनच येते काय?

ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यात फ्रान्झ येगरश्टेटर नावाचा एक शेतकरी राहत असे. 1938 साली हिटलरने तो देश घशात घालून वर लोकांचे मत मागितले, तेव्हा साऱ्या गावातून विरुद्ध मत देणारा हा एकटाच निघाला. पुढे 1943 साली सैन्यात हजर होण्याचा हुकूम आला असता, या अन्यायी युद्धात आपण लढणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले.

त्याचे मन वळवू पाहणारे कोण होते? त्याची आई, आप्तेष्ट, शेजारी, ओळखीचे धर्मगुरू, एवढेच नव्हे तर खुद्द बिशप! यांपैकी कोणीही दुष्ट नव्हते. घरी तीन चिमुकल्या मुली आहेत, त्यांचा विचार कर, असेच जो तो कळकळीने सांगे. पत्नी फ्रान्झिस्का हिनेही आरंभी विनविले. पण त्याची सदसद्विवेकबुद्धी काय सांगते हे उमजताच ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. 9 ऑगस्ट 1943 रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर कित्येक वर्षे गावाचा बोल तिने मुकाट्याने सोसला. 26 ऑक्टोबर 2007 रोजी लिंझच्या कॅथीड्रलमध्ये ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले, तेव्हा 94 वर्षांची फ्रान्झिस्का तेथे हजर होती.

आमच्या घरांत तलवारीचा प्रसंग नाही. पण लग्नाच्या मांडवात पेला नाकारणाऱ्या पोराची पहिली टर कोण उडवितो? त्याचे काका-मामाच ना? रविवारच्या मिस्सेसाठी मित्रांची सहल सोडणाऱ्या मुलीला ‘एका दिवसाने काय बिघडते?’ असे कोण म्हणते? खोट्या पावतीवर सही न करणाऱ्या मुलाला ‘नोकरी घालवशील’ म्हणून कोण दटावते? बाहेरच्या जगाशी झुंजून आलेल्या लेकराला घरातही तोच जमाव भेटावा, याहून मोठे दुर्दैव कोणते?

आईबापहो, मुलांना ‘ठाम राहा’ असे सांगणे सोपे आहे. ती ठाम राहतील त्या दिवशी आपण कोणाच्या बाजूला उभे असू, हे आज रात्री कुटुंबप्रार्थनेच्या वेळी प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. एकट्याने क्रूस वाहणे कठीण. परंतु वाटेत एक सिमोन भेटला, तर पाऊल पुढे पडते.