शिक्षा गुन्ह्याची, बंदी रोजीची?

समजा, एका तरुणाला न्यायालयाने दोषी ठरवलं. गुन्हा मोबाईलवरून केलेला. कुणाला धमकी दिली, कुणाची फसवणूक केली, किंवा स्वतःचं बँक खातं चोरांना भाड्याने दिलं. पहिलाच गुन्हा, वय लहान, म्हणून न्यायाधीशांनी तुरुंगात न पाठवता अटींवर घरी सोडलं. त्यातली एक अट अशी की इंटरनेट वापरायचं नाही. ऐकायला ही अट सौम्य वाटते. तुरुंगापेक्षा बरंच की! पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराने कामाला कुठे जायचं?

मी जेसल पार्कात राहतो. स्टेशनपासून खाडीकाठच्या चौपाटीपर्यंत एक फेरी मारा आणि इंटरनेटशिवाय चालणारी कामं मोजा. डिलिव्हरीवाल्याची ऑर्डर फोनवर येते. सोसायटीच्या गेटवर वॉचमन पाहुण्याची नोंद फोनवर करतो. भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड लटकतोय. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिश करायला फोन लागत नाही, पण आज माल किती आणि कुठे जाणार हा निरोप व्हॉट्सॲपवरच येतो. माझं काम तर विचारूच नका. मुलांची माहिती पोर्टलवर भरायची, परिपत्रकं ग्रुपवर वाचायची. उर्दू आणि मराठी शिकवायला खडू-फळा पुरतो, पण शिक्षकाची नोकरी टिकवायला पुरत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बंदी गुन्ह्याच्या वाटेवर घाला, रोजीच्या वाटेवर घालू नका.

हे दयेपोटी म्हणत नाही, कायद्याच्या आधारानेच म्हणतो. १९५८ चा अपराधी परिविक्षा अधिनियम आजही लागू आहे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यातल्या दोषी माणसाला त्याच्या कलम ४ खाली न्यायालय चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. देखरेखीचा आदेश असेल तर राहण्याचं ठिकाण, नशापाणी किंवा इतर कोणत्याही बाबीबद्दल अटी घालता येतात. या 'इतर कोणत्याही बाबी'त आज इंटरनेटही बसू शकतं. पण त्याच वाक्यात अटीचा हेतूही दिला आहे : पुन्हा गुन्हा घडू नये. त्यापलीकडे जाणारी अट कायद्याचा हेतूच सोडून जाते.

याच कायद्याचं कलम १४ फार कमी लोकांना माहीत असतं. देखरेखीखालच्या माणसाला गरज असेल तिथे योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणं, हे त्यात परिविक्षा अधिकाऱ्याचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. कलम ८ प्रमाणे त्याच अधिकाऱ्याच्या अर्जावरून न्यायालय अटी बदलूही शकतं. आणि कलम १२ सांगतं की असा लाभ मिळालेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. सरकारी खात्यातली कारवाई मात्र त्यामुळे आपोआप टळत नाही, हेही लक्षात ठेवावं. एकूण काय, कायदा एका हाताने काम शोधून द्या म्हणतो. मग अटीच्या दुसऱ्या हाताने ते काम हिरावून कसं घ्यायचं?

खटला चालू असणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या न्यायालयांसमोर आलाच आहे. २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका आरोपीला जामीन देताना दोन वर्षं किंवा खटला संपेपर्यंत समाजमाध्यमं वापरायची नाहीत, अशी अट घातली होती. उलट २० जुलै २०२२ ला पत्रकार मोहम्मद झुबेर यांच्या प्रकरणात, त्यांना ट्वीट करायला मनाई करा, ही उत्तर प्रदेश सरकारची मागणी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने नाकारली. वकिलाला युक्तिवाद करू नको म्हणण्यासारखंच हे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. ज्याचं काम ज्या साधनावर चालतं, ते साधन काढून घेतलं की काम जातं.

मुंबईचे व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना भीमा कोरेगाव प्रकरणात २८ जुलै २०२३ ला जामीन मिळाला. प्रत्येकी एकच मोबाईल आणि त्याचं लोकेशन चोवीस तास चालू, अशी अट होती. पुढे ८ जुलै २०२४ ला एका दुसऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवू देणारी अट खासगीपणाच्या हक्काला बाधा आणते. हे सगळे आरोपी होते, दोषी ठरलेले नव्हते, हा फरक मोठा आहे. दोषी माणसाचे हक्क कमी होतात, पण संपत नाहीत. रोजी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, आणि तेही मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या प्रकरणात.

तुम्ही म्हणाल, ज्या मुलीचे फोटो पसरवले तिचं काय? ज्या म्हाताऱ्याची पेन्शन गेली त्याचं काय? प्रश्न अगदी रास्त आहे. लहान मुलांशी दुष्कृत्य करणारा माणूस माझ्या शाळेच्या आसपासही नको, आणि मुलं असतात अशा ॲपवर तर मुळीच नको. तिथे कडक बंदी हवी. पण ज्याने बँक खातं भाड्याने दिलं, त्याला नवं खातं उघडताना परवानगी घ्यायला लावा आणि व्यवहार तपासा. ज्याने धमक्या दिल्या, त्याला त्या कुटुंबाशी संपर्क बंद करा. शिवणकामाची ऑर्डर घ्यायला त्याने फोन उचलला तर कुणाचं काय बिघडतं? उलट बेकार बसलेला पोरगा त्याच जुन्या टोळीकडे लवकर परत जातो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याने लैंगिक गुन्ह्यातल्या नोंदणीकृत दोषींना समाजमाध्यमांवर जायला सरसकट बंदी घातली होती. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. नोकरीच्या जाहिराती लोक आता तिथेच बघतात, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. मुलांशी संपर्क साधण्यासारख्या नेमक्या कृत्यांवर राज्य बंदी घालू शकतं, असंही म्हटलं. नेमकेपणा हवा तो हाच.

आपल्याला तर इतक्या लांब जायचीही गरज नाही. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं. शिक्षा झालेले कैदी तिथे बायकामुलांसह राहून शेती करू लागले. शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला. भिंत नसलेल्या तुरुंगात माणसाला जमिनीशी बांधून ठेवलं ते कामाने.

आता थोडं आपल्याबद्दल. मोहल्ल्यात असा मुलगा परत आला की आपण काय करतो? जकातीतून दोन महिन्यांचं रेशन देतो आणि सलाम घेणं बंद करतो. रेशन देणं सोपं, काम देणं अवघड. ज्यांचे गाळे आहेत, बेकरी आहे, शिलाईच्या मशिनी आहेत, त्यांनी अशा एकाला तरी उभं करावं. निरोप व्हॉट्सॲपऐवजी तोंडी द्या, हजेरी वहीत घ्या, पगार चेकने द्या. आणि मुलांनी मालकापासून खटला लपवू नये. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोकरीसाठी दिलेली माहिती खरीच हवी. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच असं नाही, पण लपवलेलं उघडं पडलं तर मिळालेलीही जाते.

वकिलांना एकच विनंती. अट ठरते त्या दिवशीच अशील पोटासाठी काय करतो आणि त्याला फोन कशासाठी लागतो, हे न्यायालयाला लेखी सांगा. अट आधीच लागली असेल, तर परिविक्षा अधिकाऱ्याला भेटून ती बदलण्यासाठी अर्ज करायला सांगा. पोलिसांनी अट मोडल्याचं दाखवल्यावर केलेल्या युक्तिवादापेक्षा हा एक कागद जास्त कामाला येतो.