सुट्या भागांचा बाजार आणि सायकलस्वार

वस्तू व सेवा कर परिषदेच्या निर्णयानुसार २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांचे सुटे भाग यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. निर्णय स्वागतार्ह आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु तेवढ्याने सायकलस्वाराची अडचण दूर झाली असे कोणी समजत असेल, तर त्याने एखाद्या तालुक्याच्या गावी जाऊन साडेसत्तावीस इंची चाकाची ट्यूब मागून पाहावी. ट्यूब किती स्वस्त झाली हा प्रश्न नंतरचा. ती तेथे मिळते की नाही, हा आधीचा.

सायकलीचे सुटे भाग घेण्यासाठी आज तीन मार्ग आहेत. कोपऱ्यावरचे दुकान, शहराबाहेरचे मोठे दालन आणि इंटरनेटवरील विक्रेता. गिऱ्हाईक जेथे भाव कमी तेथे जाते, हे त्याच्या निवडीचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण आहे. ते अर्धेच खरे आहे. साबणाची वडी कोठूनही घेतली तरी ती साबणाचेच काम करते. सायकलीचा भाग मात्र योग्य मापाचा असून जागेवर नीट बसेपर्यंत निव्वळ लोखंडाचा वा रबराचा तुकडा असतो. तेव्हा सायकलस्वार दुकानात जे विकत घेतो त्यात वस्तूबरोबर आणखी दोन गोष्टी असतात: कोणता भाग लागेल याचे ज्ञान आणि तो बसवून देण्याची मजुरी. या तिन्ही गोष्टी एके काळी एकाच ठिकाणी व एकाच किमतीत मिळत होत्या. त्या आता एकमेकींपासून सुटल्या आहेत, आणि सध्याच्या बाजारातील सारा गोंधळ तेथून सुरू होतो.

अठ्ठावीस इंची काळी सायकल आठवावी. ती वरळीच्या हिंद कारखान्याची असो, मद्रासेकडची हर्क्युलस असो, सोनिपतची ॲटलस असो की लुधियानाची हिरो. एकीचे पेडल दुसरीला बसत असे, एकीचा फ्रीव्हील दुसरीला चालत असे. कॉटर, छर्रे, ब्रेकरबर, आरे, व्हॉल्व्ह ट्यूब यांची मापे ठरलेली होती. याचे कारण उत्पादकांचे औदार्य नव्हते. मूळ घडण इंग्रजी सायकलीची होती, आणि फाळणीनंतर लुधियानात जो उद्योग उभा राहिला तो शेकडो लहान कारखान्यांचा होता. एकजण फक्त फोर्क बनवी, दुसरा फक्त हँडल, तिसरा नुसत्या साखळ्या. स्वतः हिरोचे मुंजाळ बंधूही १९५६ च्या सुमारास सुट्या भागांपासूनच पुढे आले. पुढे यांतील अनेक भाग लघुउद्योगांसाठी राखीव झाले. एकाचा भाग दुसऱ्याच्या भागात बसला नाही तर अशी व्यवस्था एक दिवसही चालणार नाही. साहजिकच समान मापे ही तिच्या अस्तित्वाची अटच होती.

त्या समान मापांचा सर्वांत मोठा लाभ कोपऱ्यावरच्या दुकानदाराला झाला. दोन-अडीचशे जिनसा आणि एक हवेचा पंप एवढ्या भांडवलावर तो गावातील प्रत्येक सायकल चालती ठेवू शकत होता. माल पडून राहण्याची भीती नव्हती, कारण आज न खपलेला टायर उद्या कोणाला तरी लागणारच होता. तासाच्या भाड्याने सायकली देणे, पंक्चर काढणे, चाकाचा आउट काढणे आणि भाग विकणे हे सारे एकाच छपराखाली चाले. मजुरी नाममात्र असे. तिची भरपाई भागांवरील नफ्यातून होई. सायकलस्वाराची पसंती कोणत्या दुकानाला, हा प्रश्नच तेव्हा नव्हता. जे जवळ ते पसंत.

ही स्थिती गिअरच्या सायकलींनी बदलली. आता नुसते ‘सव्वीस इंची टायर द्या’ म्हणून भागत नाही. जुन्या सव्वीस इंची सायकलीच्या एका प्रचलित मापात, टायर रिमवर जेथे बसतो तेथील व्यास ५९० मिलिमीटर असतो, तर डोंगरी धाटणीच्या सव्वीस इंची सायकलीत तो ५५९ मिलिमीटर असतो. नाव एकच, पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. साडेसत्तावीस इंचीसाठी ५८४, आणि एकोणतीस इंची व ‘७००’ या दोन वेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या चाकांसाठी एकच ६२२. साखळ्यांची रुंदी मागील चक्रांच्या संख्येनुसार बदलते; आठ चक्रांची साखळी अकरांवर चालत नाही. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा डीरेलर ज्या लहानशा पट्टीवर लटकतो, ती पट्टी तर जवळजवळ प्रत्येक सांगाड्यागणिक निराळी. पडल्यावर प्रथम वाकते तीच, आणि मिळत नाही तीही तीच!

या साऱ्या प्रकारांचा साठा करायचा तर लहान दुकानदाराला कित्येक पट भांडवल गुंतवावे लागेल, आणि त्यातील बराच माल वर्षानुवर्षे फळीवर धूळ खात पडेल. म्हणून तो ‘मागवून देतो’ असे सांगतो आणि गिऱ्हाईक मोबाईल उघडते. इंटरनेटवरील विक्रेत्याची खरी सरशी येथे आहे. एका गावात वर्षातून एकदा खपणारी वस्तू साऱ्या देशात मिळून रोज खपते. देशभराची मागणी एका गुदामात गोळा करणाऱ्यालाच अशा वस्तूचा साठा परवडतो. स्वस्ताई हा त्यानंतरचा लाभ होय.

तथापि या व्यवहाराची दुसरी बाजू आहे. कोणते माप लागेल हे गिऱ्हाईक दुकानात जाऊन विचारते, भाग इंटरनेटवरून मागवते आणि बसवून घेण्यासाठी पुन्हा त्याच दुकानी येते. लेस्टर टेल्सर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६० मध्येच या प्रश्नाची चिकित्सा केली होती. एक दुकानदार माहिती व सेवा पुरवण्यासाठी खर्च करतो आणि दुसरा तो खर्च न करता त्याच्या जिवावर कमी भावात विकतो, असे झाले की कालांतराने पहिला ती सेवा देणेच सोडतो. आपल्याकडील सायकलदुकानांत नेमके हेच घडत आहे. भागांवरील नफा गेला की मजुरी वाढवणे भाग पडते, आणि मजुरी वाढवली की गिऱ्हाईक कुरकुरते. हजारो रुपयांचा डीरेलर विनातक्रार घेणारा मनुष्य तो बसवण्याच्या दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. हाताच्या कौशल्याला किंमत असते हे आपल्या सुशिक्षित वर्गाला अजून पटायचे आहे.

ब्रिटनमध्ये हा प्रवास बराच पुढे गेला आहे आणि त्याचा शेवट उद्बोधक आहे. उत्तर आयर्लंडमधील एका खेड्यात १९८४ मध्ये निघालेले सायकलीचे लहानसे दुकान पुढे ‘चेन रिॲक्शन सायकल्स’ या नावाने सुट्या भागांच्या जगातील सर्वांत मोठ्या दूरविक्रेत्यांपैकी एक बनले. मुंबई-पुण्याचे हौशी सायकलपटूदेखील सीमाशुल्क भरून तेथून माल मागवीत. २०१६ मध्ये ते पोर्ट्समथच्या ‘विगल’मध्ये विलीन झाले, २०२१ मध्ये दोन्ही एका जर्मन उद्योगसमूहाकडे गेली. साथीच्या काळात सायकलींना आलेली मागणी टिकणारी आहे असे समजून साऱ्या धंद्यानेच अमाप माल भरला होता. मागणी ओसरली, गुदामे भरलेलीच राहिली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शेकडो कामगारांची नोकरी गेली. २०२४ मध्ये नाव तेवढे दुसऱ्या समूहाने विकत घेतले. ज्या भावांशी स्पर्धा करताना गावोगावचे दुकानदार मेटाकुटीला आले, ते भाव खुद्द विक्रेत्यालाही कायमचे परवडणारे नव्हते, असे म्हणावे लागेल. आणि मोठा विक्रेता कोसळला म्हणून आधी बंद पडलेली लहान दुकाने आपोआप उघडत नाहीत.

मोठ्या दालनांबद्दल थोडक्यात सांगता येईल. २००९ पासून भारतात असलेल्या ‘डेकॅथलॉन’सारख्या फ्रेंच कंपनीने वस्तू, ज्ञान आणि मजुरी या तिन्ही गोष्टी पुन्हा एका छपराखाली आणल्या. हेल्मेट, दिवे, हातमोजे असे साहित्य पारखून घेण्याची सोय तेथे उत्तम आहे. परंतु तिचा भर प्रामुख्याने स्वतःच्याच मालावर आहे, आणि तिची दालने मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सोयीने वसलेली आहेत. चाक पंक्चर झालेल्या माणसाने हमरस्त्यावरच्या त्या दालनापर्यंत कसे पोहोचावे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

कोणी म्हणेल की हौशी मंडळींच्या या अडचणींसाठी अग्रलेखाच्या पानावर जागा कशाला खर्च करावी? प्रश्न केवळ त्यांचा असता तर आक्षेप मान्य करता आला असता. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, आणि शेतीबाहेरील व घरगुती उद्योगाबाहेरील कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. यांच्यासाठी सायकल हे व्यायामाचे साधन नाही. आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या सायकलीचेही रूप पालटले आहे. जाड टायर, स्प्रिंगचा फोर्क, चकतीचा ब्रेक अशी सजावट असलेल्या स्वस्त सायकली बाजारात बोकाळल्या आहेत. महागड्या सायकलीची मापांची विविधता त्यांनी उचलली, टिकाऊपणा उचलला नाही. श्रीमंताच्या सायकलीचा भाग तीन दिवसांत घरपोच येतो. तोपर्यंत तो मोटारीने जातो. गवंड्याची सायकल तीन दिवस उभी राहिली तर त्याचा रोज बुडतो किंवा बसभाडे अंगावर येते.

मुलींच्या शिक्षणाच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. बिहारने २००६ मध्ये विद्यार्थिनींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशित प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे दाखवून दिले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाले. योजना चांगलीच आहे. परंतु आठवीत मिळालेली सायकल बारावीपर्यंत चालायची तर त्या अवधीत टायर, ट्यूब, ब्रेकरबर, साखळी यांपैकी बहुतेक भाग एकदा तरी बदलावे लागणार. ते कोठे मिळणार, याचा विचार पैसे देण्याच्या वेळी होत नाही. खरेदी मुलीच्या पालकांनी करावयाची असल्याने ती दुकानात जी चकाकते तिचीच होते.

बाजार कालांतराने आपोआप जुळवून घेईल, असा युक्तिवाद येथे अपुरा पडतो. मापे समान ठेवण्याचा लाभ सर्वांना होतो, पण प्रत्येक उत्पादकाचा स्वार्थ आपला माल इतरांहून निराळा करण्यात असतो. अशा ठिकाणी सरकारने नियम घालून देणे अर्थशास्त्राला धरूनच आहे. सगळ्याच सायकली एका मापाच्या कराव्यात असे कोणी सुचवणार नाही. सरकारी पैशातून घेतल्या जाणाऱ्या सायकलींपुरती तरी अट घालता येईल: चाकांची मापे दोनच, व्यास मिलिमीटरमध्ये सांगाड्यावर ठळक लिहिलेला, गिअर नाही, ब्रेक साधे रबराचे. टायरवर हा आकडा उठवलेला असतो, पण तो बारीक असतो आणि बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. एकाच तालुक्यात एकाच मापाच्या शेकडो सायकली धावू लागल्या की कोपऱ्यावरच्या दुकानदाराला साठा करणे पुन्हा परवडेल, आणि त्याच्यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज पडणार नाही. नियोजन विभागाच्या एका परिपत्रकाने हे होण्यासारखे आहे. मात्र पुढील शैक्षणिक वर्षाची खरेदी जूनमध्ये सुरू होण्यापूर्वी ते निघावयास हवे.