खांबाचे गाव कोणते? जुन्नरचे लेख आणि मटेरियल पासपोर्ट

१/ "जुना दगड, जुने सागवान पुन्हा वापरणे आपल्या रक्तातच आहे; त्याला कागद कशाला?" वाडे उतरवण्याचे हे आवडते समर्थन अर्धसत्य आहे. पुनर्वापर जुना आहेच. पण नोंदही तितकीच जुनी आहे.

२/ पुरावा जुन्नरभोवतीच्या लेण्यांत आहे. यवन इरिलाने दोन पोढ्या दिल्या, यवन चिटाने भोजनमंडप. नहपानाचा अमात्य अयम याने पोढी व मंडप दिल्याचे मानमोडीवरील लेख सांगतो. वर्षही देतो: ४६.

३/ दाता, त्याचे कूळ वा गाव, दिलेली वस्तू आणि 'देयधम' हा शब्द. साचा बहुधा ठरलेला. म्हणूनच झिजलेली अक्षरेही अभ्यासकांना लावता येतात. या दानलेखांना 'प्राचीन मटेरियल पासपोर्ट' म्हणणे मात्र बाष्कळपणा ठरेल. धडा घ्यायचा तो साच्याचा.

४/ मटेरियल पासपोर्ट म्हणजे इमारतीतील घटकांचे ओळखपत्र: कशाचा, केवढा, कुठला, कशाने जोडलेला, न मोडता कसा सुटेल. इमारतींना साहित्याची पेढी मानणारा युरोपीय प्रकल्प २०१५ ते २०१९ या काळात चालला. नेदरलँड्समध्ये अशा नोंदींसाठी 'मदास्टर' उभे राहिले.

५/ आपल्याकडे वाडा उतरतो. सागवानी खांब जुन्या लाकडाच्या वखारीत जातो, विटा-चुना भरावात. खांब वाचतो, पण त्याचे गाव, घर आणि काळ पुसला जातो. पुढे तो कोणत्याही हॉटेलात 'पेशवेकालीन' म्हणून उभा राहतो आणि खोटा इतिहास सांगतो.

६/ आंबेगावला याचे मोल अधिक कळावे. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावी आहे. भूसंपादन घराची किंमत रुपयांत मांडते. तुळईची आणि जोत्याच्या दगडाची ओळख त्यात मावत नाही.

७/ बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे २०२५ चे नियम उत्पादकावर जबाबदारी टाकतात, पण ती २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांवर. जुन्नरच्या पेठेतला कोणता वाडा एवढा मोठा आहे?

८/ प्रत्येक बिल्डरने आपापला तक्ता काढला, तर तो पुढच्या पिढीला वाचता येणार नाही. राज्याने एकच मराठी नमुना ठरवावा आणि पाडकामाच्या परवानगीआधी तो भरून घ्यावा. इरिलाच्या पोढ्यांचा दाता आज सांगता येतो. काल उतरवलेल्या वाड्याचा खांब कुणाच्या ओसरीवरचा, हेही सांगता आले पाहिजे.